नीरफणसाचा सरंगा

"ह्यो काय?" गुरुदासने ताटातल्या तुकड्याला बोट लावत विचारले.

"सरंगो," हौसाबाई म्हणाली.

"खरो?"

"खरो खंयसून येतलो? नीरफणसाचो आसा. पण कापलंय सरंग्यासारखो. जेवा मुकाट्यान."

गुरुदास जेवू लागला. बायकोने विळीवर नीरफणस असा बेतून कापला होता, की सरंग्याच्या सख्ख्या आईनेही त्याला जवळ घेतले असते. शेपटी होती, कल्ले होते, वर तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत थर होता. बाजूच्या वाटीत लालभडक कढी होती. डोळे मिटले की मात्र सगळे सोंग उतरायचे, म्हणून गुरुदास हल्ली डोळे चांगले उघडे ठेवून जेवायचा.

मालवणात राहून माशाशिवाय दिवस काढणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्यातून गुरुदास कारकून होता बंदरावरच्या कचेरीत. खिडकीतून समोरच रापण ओढणारी माणसे दिसत. जाळे काठाला लागले की बांगडे वाळूवर उड्या मारत आणि इकडे गुरुदासची बेरीज चुके. घरी येताना तो मासळीबाजार टाळून देवळाकडून वळसा घेई. लोक म्हणत, माणूस भाविक झाला.

याचे मूळ माघातल्या जत्रेत होते. त्या दुपारी घरी सुरमई झाली होती आणि संध्याकाळी जत्रेत गुरुदासने केशरी जिलबीवर ताव मारला होता. घरी येईपर्यंत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि पाठ खाजवायला हौसाबाईचे दोन्ही हात पुरेनात. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर नुकतेच घाटावरून आलेले, शुद्ध शाकाहारी. बाजारातून जाताना नाकाला रुमाल लावणारा माणूस.

"काल काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारले.

"दुपारी सुरमई खाल्ली, मग संध्याकाळी..."

"पुढं सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "मासे बंद. आणि तिखटही बंद."

जिलबी अशी गुरुदासच्या तोंडातच राहिली.

मासे गेले, मिरची गेली, पण गांधी काही जाईनात. चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी पुन्हा हजर. डॉक्टरांनी कोकम बंद केले. मग वांगे बंद केले. शेवटी खोबरे बंद केले, तेव्हा हौसाबाईने कपाळाला हात लावला. खोबऱ्यावाचून मालवणी बाईने चूल पेटवायची तरी कशासाठी? तरीही रोज वाटीत कढी येई, आणि डॉक्टर जितके काढत जात, तितकी ती जास्त लाल होत जाई.

"मिरची नाय, कोकम नाय, मगे लाल कशी गो?" गुरुदासने एकदा विचारले होते.

"माजो हात," एवढेच ती म्हणाली आणि वळली.

गुरुदासला कढीपेक्षा तिच्या हाताचाच संशय होता. आपल्या माघारी ही शेजारच्या राधाबाईकडे बसून बांगडे खाते, अशी त्याची खात्री झाली होती. कधी तो कचेरीतून अचानक लवकर घरी येई आणि काहीतरी निमित्त काढून तिच्या बोटांचा वास घेई. बोटांना राखेचा आणि भांड्यांचा वास यायचा. ती हात धुऊन बसते, असे तो मनाशी म्हणे.

दिवाळी झाली आणि हौसाबाईच्या भावाला मुलगा झाला. बारशासाठी ती पिंगुळीला गेली. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पेज खावा, ताक-भात खावा. भायरचा कायएक खाव नकात."

गुरुदासने तिची आज्ञा पाळली, कारण दुसरे काही त्याला रांधता येत नव्हते. सकाळ-संध्याकाळ पेज आणि ताक. आणि काय आश्चर्य, बुधवारी सकाळी अंघोळीला बसला तर अंगावर एक गांध नाही. पाठ माणसाची वाटत होती.

नेमकी त्याच वेळी तुळसा मासेवाली कुंपणाच्या बेड्याशी, फाटकापाशी, आली. गेले कित्येक महिने ती या घरावरून मुकाट्याने जात असे. आज थांबली.

"बांगडे फडफडतत, गुरुदासानू. बघूचे तरी."

बघायला म्हणून तो गेला आणि तीन बांगडे घेऊन आला. मरायचे तर खाऊन मरू, असे म्हणून त्याने हळद, मीठ, मिरची, कोकम, मिळेल ते सगळे लावून तव्यावर टाकले. एका बाजूने करपले, दुसऱ्या बाजूने कच्चे राहिले. पहिला घास तोंडात गेला आणि गुरुदासच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आले. वाढायला हौसा असती तर, असे त्याला वाटले. ती असती तर खाऊ दिले नसते, हेही लगेच आठवले.

दुसऱ्या दिवशी त्याने आरशात पाठ पाहिली. स्वच्छ! मग दोष माशांचा नव्हता, मिरचीचा नव्हता, कोकमाचाही नव्हता. बायको आली की जेवण झाल्यावर तिला हे सावकाश सांगायचे, असे त्याने ठरवले.

हौसाबाई शनिवारी आली. नवऱ्याचे नितळ अंग पाहून इतकी हरखली, की त्या आनंदात तिने कढी नेहमीपेक्षाही लाल केली. गुरुदासने दोन वाट्या घेतल्या. हात धुऊन येईपर्यंत मान खाजू लागली.

हौसाबाईने त्याची मान उजेडाकडे वळवून पाहिली. "मिया नसताना काय खाल्लास?"

"बुधवारी सकाळी अंग नितळ झाला, म्हणान बांगडे खाल्लंय. आणि तेवा कायएक झाला नाय! आज तुजी कढी जेवलंय, आणि झाला. कढयेत काय घालतंस तां खरा सांग."

ती फळीकडे वळली. डब्यामागून एक पुडी काढून तिने त्याच्या पुढे ठेवली. "मिठायेचो रंग. जिलबयेवालो देता."

"कित्याक गो?"

"पांढरी कढी बघल्यार तुमचा तोंड उतरायचा. बघवायचा नाय माका."

गुरुदास पुडी घेऊन तडक डॉक्टरांकडे गेला आणि जत्रेतल्या जिलबीपासून सगळे सांगितले. डॉक्टरांनी ती उघडली, हुंगली. "एखाद्याला रंगही सोसत नाही. पण मग जिलबीचं तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणालात, पुढं सांगू नका."

डॉक्टर जरा वेळ औषधाच्या बाटल्या सारख्या करत राहिले. "मासे खा," ते अखेर म्हणाले. "रंग मात्र आयुष्यात नको."

येताना गुरुदासने देवळाकडचा रस्ता सोडला. मान ताठ करून तो मासळीबाजारातून आला, आणि येताना हातात सरंगा होता. हौसाबाई दारातच उभी होती.

"भायरच ठेवा तो," ती म्हणाली.

"अगो, डॉक्टरान सांगितल्यान, खा म्हणून."

"मंगळवारी मिया माहेरच्या रवळनाथाक गाऱ्हाणा घातलंय. ह्येंच्या अंगावरचा जांव दे, आमी दोघांय वर्सभर माशाक हात लावचव नाय."

"पण तां रंगान होता!"

"रंगाचा नाव मिया घेवक नाय. अंगावरचा म्हटलंय. बुधवारी गेला ना?"

गेले होते. बुधवारीच गेले होते.

"आणि त्याच दिवशी तुमी बांगडे खाल्लास," ती पुढे म्हणाली. "आता देवाची माफी मागून वर्स पयल्यापासून मोजूक होया."

"बरा, मिया नाय खाणंय. पण तू कित्याक सोडतंस? राधाबाईकडे जावन खातंस, तशी खा."

हौसाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "मिया? तुमी सोडल्यापासून एक काटो तोंडात घालूक नाय. तुमच्याशिवाय घशाखाली उतारलो असतो?"

गुरुदासला इतक्या महिन्यांचे ते बोटे हुंगणे आठवले आणि स्वतःची लाज वाटली. तो मागे फिरला आणि सरंगा कुंपणावरून राधाबाईच्या हातात देऊन आला. देताना शेपटीवरून त्याचा हात एकदा फिरलाच. मग हातपाय धुऊन पाटावर बसला. आज तिचेही पान त्याने आपल्या शेजारीच मांडायला लावले.

"एक वर्स ना," तो म्हणाला. "जायत कसा तरी."

"येत्या वर्साक अधिक जेठ आसा," हौसाबाई भात वाढता वाढता म्हणाली.

"अधिक महिनो देव धरता काय गो?"

"देव सोडीत," ती म्हणाली. "मिया सोडूचंय नाय."