अकरावं अंडं

एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं बाहेर आली आणि अकराव्या अंड्याने आपण येणार नसल्याचं कळवलं.

बोरजाईवाडीच्या जनाक्काने टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि विचारलं, "येत न्हाई म्हंजे?"

"म्हणजे येत नाही," अंडं आतून म्हणालं. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. "माझं इथे बरं चाललंय, आजी."

जनाक्काने आजवर पन्नास-साठ खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या असतील. वाया गेलेली अंडी तिने पाहिली होती, आतल्या आत मेलेली पाहिली होती. उलट बोलणारं हे पहिलंच. तिला त्याचा राग आला, नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "तुझी दहा भावंडं काय खुळी म्हनून आली व्हय रं भाईर?"

"त्यांच्यावर कोळशाची खूण नाही," अंडं म्हणालं.

खूण जनाक्कानेच केली होती. तिच्या सासरी रीत होती की अंडी टोपलीत मांडताना कुठलं कशासाठी ते मोठ्याने म्हणायचं. हे घरात ठेवायला, हे शेजारच्या शेवंताला, हे बाजाराला. आणि एकावर कोळशाने फुली मारून ती म्हणाली होती, "ह्यो कोंबडा म्हसोबाला." चाळीस वर्षं ती अंड्यांची वाटणी अशीच मोठ्याने सांगत आली होती. अंड्याला अठराव्या दिवसानंतर ऐकू येतं असं सगळी वाडी धरून चालते, म्हणून पहिल्या दिवशी जपून बोलायची कुणाला सवय नव्हती.

"तवा तर तू पाणी हुतास की रं नुसतं," ती म्हणाली.

"पाण्यालाही कळतं, आजी. कापायला नेणार, एवढं कळायला काय चोच लागते?"

बाविसाव्या दिवशी तिने अंडं कोमट पाण्यात सोडून पाहिलं. आत जीव असला तर ते पाण्यात डुलतं. ते डुललंच, वर म्हणालं, "जरा गार आहे."

तिने ते पुसलं आणि परत टोपलीत ठेवलं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. टोपलीतून काढलं की कवडी उठायची आणि डोळे फिरवत घरभर ओरडत हिंडायची. कवडी म्हणजे ती खुडूक कोंबडी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून कवडी. पोटाखाली बोलतं अंडं असताना कुठली कोंबडी उठेल? दहा पिल्लं तिच्या पाठीवर चढून उतरत होती, कण्यांसाठी चिवचिवत होती, आणि ती बसूनच होती. एकवीस दिवसांत तिने पोटभर खाल्लं नव्हतंच. आता पाण्याला तोंड लावेना. तुरा पांढुरका पडला. चोविसाव्या दिवशी जनाक्काने तिच्या पोटाखाली हात घातला, तर छातीचं हाड बोटांना टोचलं.

जनाक्काला बसवेना. तिने अंगण झाडलं, मागचं परस झाडलं, पुन्हा अंगण झाडलं. चहा उकळून उकळून काळा झाला. भिंतीपलीकडून शेवंताने विचारलं, "आक्का, किती येळा झाडतीया? जमीन खाली जाईल की."

"तुझ्या जिभेवर झाडू मारू का आधी?"

"मार. पर त्या अंड्याला चुलीत टाक आन् मोकळी हो. एका अंड्यापायी कोंबडी घालवशील."

शेवंताला सगळं ठाऊक होतं, तरी ती असं बोलली. मागच्या उन्हाळ्यात मानमोडी आली तेव्हा आळीतल्या सगळ्या कोंबड्या माना टाकून मेल्या. कवडीचीही मान वाकडी झाली होती. जनाक्काने म्हसोबाच्या दगडासमोर पदर पसरला: ही वाचू दे, हिच्या पोटचा कोंबडा तुला देईन. कवडी वाचली. एकदा फुली मारलेलं अंडं बदलता येत नाही; आता ते चुलीत टाकलं तर बोललेला नवस बुडतो, आणि म्हसोबा आपलं दिलेलं माघारी नेतो. त्याचा तसा लौकिकच आहे. अंडं राहू दिलं तर कवडी बसल्या जागी मरते. जनाक्काला ना मूल ना बाळ. घरात दुसरा श्वास होता तो या कोंबडीचाच.

पंचविसाव्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक पिसाळ भाऊसाहेबांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"नोटीस काढा त्येच्यावर," ती म्हणाली. "एकवीस दिसांची मुदत हुती. चार दिस वर झाले."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "आक्का, जन्माची नोंद आहे का?"

"जन्मलंच न्हाई म्हनून तर आले."

"मग रहिवासी धरता येत नाही. रहिवासी नाही त्याला नोटीस काय बजावू? आणि फोडाल तर राहती जागा जबरदस्तीने पाडल्यासारखं होतं. माझं ऐका, म्हसोबाकडून नवस फिरवून घ्या. तो विषय आमच्याकडे येतच नाही."

"मग तुमच्याकडं येतंय तरी काय?"

"घरपट्टी," भाऊसाहेब म्हणाले.

तिथून ती तडक मारुती गुरवाकडे गेली. हा म्हसोबाचा पुजारी, जनाक्कापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याला ती अरे-तुरे करी आणि तो तिला घाबरून असे. त्याने हातपाय धुतले, दगडाच्या दोन्ही अंगांना तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नकार.

"देवा," मारुती म्हणाला, "जनाक्का नारळ देतीया. कोंबडा सोड."

डावी पडली.

"पाच नारळ म्हन," जनाक्का म्हणाली. डावी पडली. बाजारातला विकत घेतलेला मोठा कोंबडा, तुरेबाज. डावी पडली, आणि जरा जोरातच पडली असं मारुतीला वाटलं.

"घरचाच पायजे म्हनतोय," तो कपाळ पुसत म्हणाला. "आरवनारा. आक्का, घरात दुसरं कोन हाय?"

"कोन असनार? मी हाय."

उजवी कळी पडली.

मारुतीने कळी उचलून परत चिकटवली. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "देवा, कापून का?" डावी पडली. "मग आरवून? रोज?" उजवी. त्याने मुदत विचारून घेतली. सव्वा वर्ष ठरलं, पहाटे, म्हसोबाच्या चौथऱ्यावर उभं राहून.

जनाक्काने मारुतीला, त्याच्या बापाला आणि म्हसोबाला, तिघांनाही शिव्या दिल्या. सासऱ्यासमोर कधी मान खाली घातली नाही, सरपंचाला भर सभेत खाली बसवला, ती बाई आता पहाटे कोंबड्यासारखी ओरडणार! ती घरी आली. कवडीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची मान पंखात गेली होती.

जनाक्का टोपलीपाशी टेकली. "सुटलास," ती अंड्याला म्हणाली. "तुझ्या जागी मी. देवानं मान्य केलंया."

"लेखी आहे?"

"कळी पडली."

"कळ्या मी पाहिल्या नाहीत," अंडं म्हणालं. "उद्या इथून ऐकतो. ऐकू आलं तर बघू."

पहाटे ती निघाली तेव्हा कवडीचे पाय गार लागत होते. शेवंताला तिने टोपलीशेजारी बसवलं आणि काही झालं तर हाक मारायला सांगितलं. चौथरा घरापासून तीसेक पावलांवर. दूध घालायला निघालेली माणसं किटल्या खाली ठेवून थांबली. कुणी हसलं नाही. भाऊसाहेब स्वेटर घालून आले होते. म्हणाले, वेळ नोंदवावी लागेल.

जनाक्काने पदर खोचला आणि आरवली. आवाज खोकल्यासारखा निघाला.

"गपच हाय गं!" शेवंता घरातून ओरडली.

ती पुन्हा आरवली. या खेपेला बरं जमलं, पण शेवटाला लाज आड आली आणि आवाज तुटला.

"अजून गप! आन् आक्का, कवडीनं डोळं मिटलं गं!"

मग जनाक्काने पुढची माणसं बघायची सोडून दिली. टाचा उचलल्या, मान लांब केली, आणि आयुष्यभर लोकांवर टाकायला जपून ठेवलेला सगळा आवाज एकदम वर सोडला. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कुत्री उठली. वाडीतल्या साऱ्या कोंबड्यांनी आधी ऐकून घेतलं आणि मगच उत्तरं दिली.

जनाक्का मान लांब करून तशीच उभी राहिली.

"टोच मारली!" शेवंता किंचाळली. "फुटलं! फुटलं गं आक्का!"

भाऊसाहेबांनी पाच वाजून बारा मिनिटं लिहिली.

ती घरी पोचली तेव्हा ओलं, काळपट पिल्लू कवचाच्या तुकड्यावर आडवं पडलं होतं. ते काही बोललं नाही; बाहेर आल्यावर बोलत नाहीत. कवडीने एक डोळा उघडला. मग दुसरा. पाय सरळ करायला तिला तीन वेळा जोर लावावा लागला. ती टोपलीच्या काठावरून खाली उतरली, झोकांडी खात वाटीपर्यंत गेली आणि पाणी प्याली. प्रत्येक घोटाला मान वर करत होती. जनाक्काने कण्या टाकल्या आणि मगच भुईला बसली.

"दमलीस," शेवंता म्हणाली.

"तुझ्यावानी बसून न्हवते मी," जनाक्का म्हणाली. घसा बसला होता, तरी तेवढं निघालं.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. पंधरा दिवसांत वाडीला सवय झाली. एकदा तापात ती उशिरा आरवली तर दूधवाल्याने दारात येऊन तक्रार केली की आज उठायला उशीर झाला. काळपट पिल्लाला तुरा आला, पायाला काटे फुटू लागले.

चौथ्या महिन्यात एका पहाटे ती चौथऱ्यावर चढून श्वास भरत होती, तोच तिच्याच घराच्या कौलांवरून आवाज आला. कच्चा, मधेच चिरकणारा. जनाक्काने श्वास सोडला. त्याचं संपेपर्यंत ती थांबली, आणि मग सव्वा वर्षाला अजून बराच अवकाश होता म्हणून आपलं आरवून घरी आली.