पडेगावच्या भिंतीवरचा बँड

गफूर पेंटर बँडवाल्यांचे गाल चाचपून बघत असे. मुंबईहून जाझ वाजवणारी मंडळी छावणीतल्या आमच्या क्लबात उतरली, की हा रंगाचे हात पायजम्याला पुसत हजर. आधी वाजवायला लावायचा आणि वाजवणारा रंगात आला, की त्याच्या फुगलेल्या गालाला खुशाल बोट लावायचा. एका गोवेकर सॅक्सोफोनवाल्याने तर त्याच्यावर हात उगारला होता. गफूर शांतपणे म्हणाला, "गाल खोटा पडला ना साहेब, तर चित्र बेसूर होतं."

मी त्या क्लबात कारकून. पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती आणि शहराला पुन्हा नाचगाणी सुचू लागली होती. जाहिरातींचं काम माझ्याकडे, म्हणजे गफूरही माझ्याच नशिबी.

त्याच्या या खोडीला कारण मीच पुरवलं होतं. पहिल्या बँडच्या वेळी त्याने सॅक्सोफोन पाहिलेला नव्हता. मी हातवारे करून समजावला आणि त्याने झकास हुक्का काढला. गुलमंडीतले दोन वयस्कर गृहस्थ तंबाखू क्लबाची की आपली आणायची, हे विचारायला आले. सेक्रेटरींनी माझी बिनपाण्याने केली. तेव्हापासून गफूर वाद्य ऐकल्याशिवाय कुंचला उचलत नसे.

क्लॅरिनेट मात्र त्याला कोणी दाखवायची गरज पडली नाही. त्याच्या चित्रात ड्रमवाला पिंप बडवताना दिसे, पियानोवाला टायपिस्ट वाटे. पण क्लॅरिनेटवाल्याची बोटं, दाबून धरलेले ओठ, मिटत आलेले डोळे असे काही उतरत की कार्यक्रमाची तारीख लिहायला जागा उरत नसे. मी कुरकुर केली की म्हणायचा, तारीख काय, कुणीपण सांगंल.

एकदा क्लबाचे एक मेंबर दौलताबादला जाऊन आले आणि त्यांनी सेक्रेटरींच्या कानावर घातलं, की पडेगावच्या पुढे एका पडक्या भिंतीवर आपली जाहिरात चिकटवलेली आहे. सेक्रेटरी भडकले. तिथून नाचायला कोण येणार, मेंढरं? पेंटरला डोकं नाही, यापुढे मुंबईहून छापूनच आणू, म्हणाले. तरी आधी बघून ये, म्हणून मला पिटाळलं.

भिंत सापडली. खाली शेळ्या राखत एक म्हातारा धनगर बसला होता. जाहिरातीचा खालचा भाग शेळ्यांनी कणकेच्या खळीसकट फस्त केला होता. क्लॅरिनेटवाला तेवढा उंचावर शाबूत होता.

"लई येळा सांगितलं पेंटरला, शेळ्या कागद खात्यात म्हणून," धनगर म्हणाला. "त्यो म्हनतो, त्याचं वाचून झालं की खाऊ द्या."

कुणाचं वाचून, असं मी विचारलं. त्याने भिंतीच्या कडेची जमीन दाखवली. तिथे ना दगड होता, ना काही खूण.

गफूरचा धाकटा भाऊ युसूफ, धनगर सांगू लागला. गफूरनेच लहानाचा मोठा केलेला. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत एका लग्नाहून एकटाच परत येत होता. रस्त्यात जमाव भेटला. कापडात गुंडाळलेली काळी नळी बघून कुणीतरी बंदूक म्हणून ओरडलं.

"वाजवून दाखवतो म्हनत व्हता," धनगर म्हणाला. "कुनी ऐकलं नाय. मागून आमीच माती दिली. त्यांच्यात काय म्हनत्यात, आमाला ठावं नव्हतं."

सायकल हातात धरून मी पडेगावपर्यंत चालत आलो. चढून बसावंसं वाटेना. त्या दिवसांबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नसे, मीही नाही. जमावातले काहीजण आजही बाजारात मला भेटत असतील, नमस्कार करत असतील.

सेक्रेटरींना मी सांगितलं, की पेंटरची जागा बरोबर आहे, रस्ता वाहता आहे. उपयोग झाला नाही. ऑर्डर आधीच गेली होती.

छापील जाहिराती आल्या, त्यातली एक घेऊन मी गुलमंडीत गफूरच्या दुकानी गेलो. तो भांडेल, निदान चार शब्द सुनावेल, असं वाटलं होतं. त्याने कागद उजेडात धरला. छपाई चांगली आहे म्हणाला. मग ते चित्र वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं.

"यात क्लॅरिनेट नाय?"

"या बँडातच नाहीये, गफूरभाई."

त्याने कागदाची नीट घडी घातली.

"हे मी ठेवू?"

"ठेवा. पण पडेगावला लावायला मनाई आहे."

"लावत नाय," कागदाची घडी खिशात घालत गफूर म्हणाला. "नुसतं दाखवून आणतो. यंदा तुझं वाद्य नाय, म्हणून सांगतो. नाराज होईल जरा."