माती वाचवण्याचा पक्का उपाय

माती ही राष्ट्राची ठेव असून ती उघड्यावर ठेवणे धोक्याचे असते. शेतकरी मात्र हजारो वर्षे ती शेतातच ठेवत आला. वारा ती उडवतो, पाऊस वाहून नेतो, मागे मुरूम उरतो आणि पिकत्या मुलखाचे वाळवंट होते. हे थांबवायला १९५५ साली चाकणजवळ आमची माती-रक्षण कचेरी उघडली. (मी तिथला कारकून. खुर्ची डुगडुगती, निष्ठा पक्की.)

आमचे साहेब रंगराव यांनी तीन महिने विचार केला. मग त्यांना एक वीटभट्टी दिसली, आणि ते जीपमधून उडी मारून नाचलेच. भाजलेली माती उडत नाही! वाहत नाही! तिच्यात उंदीरसुद्धा बीळ करत नाही! शिवाय पिंपरीला कारखाने आणि वसाहती उठत होत्या, त्यांना विटा हव्याच होत्या.

वर्षभरात एकशे चाळीस एकरांवरची हात-हात खोल माती सुखरूप वाचवण्यात आली. पाहणीत एकही वीट पावसाने वाहून गेल्याचे आढळले नाही. (बारा चोरीस गेल्या, पण त्यात वाऱ्याचा हात नव्हता.) वाचवलेल्या शेतांत कुसळही उगवेना, ही बाब किरकोळ असल्याने शेती खात्याकडे वर्ग केली.

अडून बसली ती एकटी शालनबाई. दीड एकर कांदा, एवढाच तिचा संसार.

"साहेब, माजी माती कुटं पळून चालली हाय?"

"आज नाही हो बाई. पण हजार वर्षांनी?" साहेब कळवळून म्हणाले.

"आन् तवर खायाचं काय?"

प्रश्न आवक बारनिशीत नोंदवला. उत्तर यायच्या आत सक्तीचे संरक्षण झाले. बाई बांधावर बसून रडत होती. मला फार वाईट वाटले. मी रजेचा अर्जही लिहिला, पण कारणाच्या रकान्यात 'लाज' लिहायची सोय नव्हती.

हल्ली शालनबाई कांद्याची रोपे आणि तांब्या घेऊन पिंपरीच्या नव्या वसाहतींत फिरते. भिंतींना नाक लावून आपली माती ओळखते, फटीत रोप खोचते, पाणी घालते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या भिंतीला ओल दिसली तर गवंड्याला शिव्या देऊ नका. हिरवी पात दिसली तर उपटू नका. कांदा धरला की बाई काढणीला येईलच. त्या वेळी दारात उभे राहून "कोण पाहिजे?" असे मात्र तिला विचारू नका. तिच्या शेतात तुम्ही राहता.