हैबतरावांच्या सातदाती खोऱ्याची हकीकत

श्रीगजवदनास वंदून, बांधावरल्या म्हसोबास नारळ दाखवून, आणि जे डोळ्यांनी पाहिले व बोटांवर मोजिले तेवढेच लेखणीस उतरेल ऐसी शपथ घेऊन लिहिणे ऐसे जे : शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्रमासी, एका राज्यात क्रोध कोठे नव्हता, मत्सराचे पीक मात्र उदंड आले होते. राज्याचे नाव सांगत नाही. विस्तार साडेसहा एकर, पूर्वेस ओढा, पश्चिमेस चुलतभाऊ. धनी हैबतराव, घराण्याच्या थोरल्या पातीचे, राणीसाहेब सगुणाबाई, आणि पागेत एकच ट्रॅक्टर, लहान, परंतु बावीस घोड्यांच्या बळाचा, तांबडा. पश्चिमेचे चुलतभाऊ जिवबाराव, धाकट्या पातीचे, देहाने स्थूल, मनाने मोकळे, आणि त्यांचाही ट्रॅक्टर तैसाच, तितक्याच घोड्यांचा. येथवर बरोबरी होती, म्हणोन शांतता होती.

त्या मुलखाची चाल ऐसी की, गावतळे आटले म्हणजे अक्षय्यतृतीयेस सर्व गावाने मिळोन गाळ उपसावा, आणि पहिले खोरेभर गाळ थोरल्या पातीने काढोन म्हसोबाच्या पायाशी ओतावा, मग इतरांनी हात लावावा. हा मान तीन पिढ्या हातखोऱ्याने चालत आला. परंतु फाल्गुनात जिवबारावांनी ट्रॅक्टरच्या तोंडास लोखंडी खोरे बसवून आणिले, ज्यास कारागीर बकेट म्हणतात. दांडा ओढताच ते खाली बसे, माती खाई, आणि तेलाच्या दाबावर भरल्या तोंडाने वर उठे. हैबतरावांनी बांधावरून ते पाहिले आणि तेथेच मनात धरिले की, आता मान गेला. जिवबारावांनी मान मागितल्याची नोंद कोठे आहे म्हणोन आम्ही पुष्कळ शोध केला; नाही. तथापि त्या दिवशी स्वारी बांधावर सात वेळा गेली, पैकी दोन वेळा बैल बघावयाचे निमित्ते, आणि बैल तर गोठ्यात होते. रात्री भाकरी अर्धी टाकिली. सगुणाबाई बोलिल्या, "अहो, भाकरीत खडा लागला की जिवबाभावजी लागले?" सरकारांनी ताट सरकाविले, आणि सकाळी तांबडा घोडा घेऊन तालुक्यास उस्मान मिस्तरीच्या कारखान्यास कूच केले.

मिस्तरी वृद्ध, चष्मा दोऱ्याने बांधलेला, जिवबारावांचे खोरेही त्याच्याच हातचे. त्याने तीन शस्त्रे पुढे मांडिली : एक सपाट ओठाचे, भुसभुशीत मातीस, एक दातांचे, चिकट व कठीण भूमीस, आणि एक नुसत्या काट्यांचे, शेणखतास व धोंड्यांस. मग विचारिले, "राव, काम कशाचं आहे?" हैबतराव म्हणाले, "ते राहू द्या. जिवबानं कुठलं नेलं?" "दातांचं. चार फुटी." "मग आम्हांस पाच फुटी." "दात त्यांचे पाच आहेत." "आम्हांस सात." मिस्तरीने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "राव, घोडा लहान आहे. एवढं मोठं तोंड चिकट गाळानं भरलं तर पुढं झुकेल अन् मागची चाकं उचलतील. घ्यायचंच असेल तर मागं वजन बांधा. जिवबारावांनी सिमेंट भरलेलं पिंप बांधलंय मागं." हैबतराव चकित जाहले आणि म्हणाले, "आम्हांस तर दिसलं नाही." "तुम्ही बांधावरून बघता. तिथून पुढचंच दिसतं, मागं कडब्याची गंजी आहे." यावर सरकारांनी क्षणभर विचार केला, आणि जे दिसत नाही त्याचा हेवा कोणी करावा, ऐसे मनाशी ठरवून हुकूम केला, "पिंप नको. तोंड तेवढं मोठं करा." आणि खोरे बसवून, दात पिवळ्या रंगाने रंगवून, वाट वाकडी करून जिवबारावांच्या अंगणावरून स्वारी परत आली. जिवबारावांनी "वा दादा, लई झकास!" म्हणोन चहास बोलाविले. सरकारांस त्यातही कुचेष्टा दिसली.

मग अक्षय्यतृतीया उगवली. तळ्यावर सारा गाव जमला, तात्या गुरव हळदकुंकू घेऊन उभे राहिले, आणि हैबतराव फेटा बांधोन तळ्यात उतरले, जिवबारावांकडे न पाहता, म्हणजे चार वेळाच पाहून. सातही दात गाळात बुडाले, खोरे काठोकाठ भरले, दांडा ओढिला, खोरे वीतभर उठले, आणि मग खोरे उठेना, मागील चाके उठली. घोडा नाक खाली घालून उभा राहिला, आणि समोर, देवाची करणी, जिवबाराव. गर्दीतून कोणी ओरडले, "अरे, थोरली पाती धाकटीला मुजरा करतीय!" आणि तळे हसले. सगुणाबाईंनी पदर तोंडास लाविला. हसू दाबावयास की लाज, हे आम्हांस कळले नाही. तात्या गुरव म्हणाले, "हैबतराव, होतंय का? नाहीतर जिवबाला सांगतो. मुहूर्त थांबत नाही." तीन पिढ्यांचा मान त्या दोन अधांतरी चाकांवर येऊन ठेपला.

तेव्हा जिवबाराव चिखल तुडवीत आले आणि म्हणाले, "दादा, घाबरू नका, खोरं सावकाश खाली टेकवा." चाके भूमीस लागली. मग जिवबारावांनी आपल्या ट्रॅक्टरचे सिमेंटचे पिंप काढविले, आणि चौघांकडून आणवून थोरल्या भावाच्या घोड्यामागे जोडिले. हैबतराव दातांतून बोलिले, "आणि तुझं कसं व्हायचं?" "माझं काय? मी मागनं भरीन. मान थोरल्या पातीचा, मला नुसता गाळ पायजे." मग खोरे उठले, म्हसोबाच्या पायाशी रिते जाहले, नारळ हैबतरावांच्या हाती आला, आणि साऱ्या तळ्याने एकमुखाने वाखाणिले, ते जिवबारावांस. "मन पाहा माणसाचं!" ऐसे आम्ही अकरा वेळा ऐकिले. हैबतरावांनीही मोजिले असावे, कारण प्रत्येक वेळी त्यांच्या कपाळाची शीर उडे.

दुसरे दिवशी स्वारी पुन्हा मिस्तरीकडे गेली आणि हुकूम जाहला, "सिमेंटचं पिंप करा. जिवबाच्या पिंपाहून दुप्पट मोठं." मिस्तरीने विचारिले, "तुम्हांस?" "नाही. त्याला परत द्यायला. आम्ही लहान मनाचे नाही." मिस्तरी म्हणाला, "करतो. पण दुप्पट वजन मागं बांधलं अन् खोरं रिकामं असलं, तर त्यांच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतील, तोंड आभाळाकडं होईल. साऱ्या गावासमोर." ते चित्र हैबतरावांनी मनात उलटसुलट, सावकाश, चवीने पाहिले. चहा निवला. मग हळूच बोलिले, "बरोबरीचंच करा." हा शब्द त्या राज्यात त्या मुखातून प्रथमच निघाला, म्हणोन तिथी लिहून ठेविली, वैशाख शुद्ध चतुर्थी.

सारांश : खोरे मोठे, दात सात, मान राहिला, पिंप बरोबरीचे गेले. मात्र त्यावर रंग पिवळा दिला, आणि तो जिवबारावांच्या ट्रॅक्टरच्या रंगाहून किंचित अधिक झळकतो. पाहिले ते लिहिले, इति.