मास्तरांची फक्की

बेळगावजवळच्या उचगावच्या पलीकडे आमचं गाव. बसमधून उतरल्यावर पायाशी पांढरी रेघ दिसली, तर ती ओलांडण्याआधी जरा थांबा. नाही थांबलात, तर कुठून तरी शिट्टी वाजेल आणि हाफ पँट घातलेले सत्तरीचे एक उंच गृहस्थ तुम्हाला मागे जायला सांगतील. बस हलल्याशिवाय त्या रेघेच्या पुढे कोणी यायचं नाही, असा नियम आहे. हा नियम केला कोणी, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "रेघ हाय न्हवं? मग नियम हाय."

हे आमचे कल्लाप्पा मास्तर. जन्मभर हायस्कूलमध्ये ड्रिल मास्तर होते. खो-खोचं, कबड्डीचं मैदान आखावं तर त्यांनीच. फक्की, म्हणजे मैदान आखायची ती चुन्याची पांढरी पूड, त्यांच्या हातातून अशी सरळ पडायची की मुलांचे पाय तिच्यावर पडायला घाबरत. मग मास्तर निवृत्त झाले. मुलं सुटली, पण फक्की काही सुटली नाही. एक बादली, तळाला भोकं पाडलेला एक डबा, सुतळी आणि दोन खुंट्या, एवढा संसार घेऊन ते गावभर फिरू लागले. गळ्यात शिट्टी. लग्नाला गेले तरी धुतलेल्या शर्टावर ती असतेच.

नळावरच्या घागरींना त्यांनी रांग आखून दिली. देवळापुढे चपलांना चौकोन आखून दिला. माझ्या सासूबाई रस्त्यावर मिरच्या वाळत घालत, त्यावरून रोज कोणाशी तरी जुंपायची. मास्तर आले, मिरच्यांभोवती चारी बाजूंनी कोर्ट आखून गेले. आता मोटारसायकलवाले बाजूने जातात आणि सासूबाई कोर्टाच्या मधोमध पंचासारख्या बसतात.

लोक हसत. मीही हसायचे. मी मच्छे गावातल्या कारखान्यात स्टोअरला कामाला आहे. दिवसभर माल मोजून आलेल्या बाईला घरी येताना शिट्टी ऐकायची हौस नसते.

पण एका गोष्टीत मास्तरांचं मानलं पाहिजे. आमच्याकडे रताळी होतात. दलाल टेम्पो घेऊन यायचा आणि वजन चालू असताना पोत्याचा कान धरून उभा राहायचा. पोतं जरा उचललं गेलं की काटा खाली. सगळ्यांना दिसायचं, पण बोलायचं कोणी? मास्तरांनी काट्याभोवती गोल आखला. वजन होईपर्यंत गोलाच्या आत फक्त पोतं. दलालाची चप्पल आत आली की शिट्टी. "मागं सर. फाऊल." पहिल्या दिवशी दलाल हसला, दुसऱ्या दिवशी चिडला, आणि पुढच्या आठवड्यात यायचाच बंद झाला. मग सगळ्यांनी मिळून स्वतःच वजन करायचं आणि एकच टेम्पो करून माल बेळगावला न्यायचा, असं ठरलं. आजही तसंच चालतं. काट्याभोवतीचा गोल मास्तर दर हंगामाला ताजा करतात.

तरीही घराच्या बाबतीत त्यांनी मध्ये पडावं, हे मला मुळीच नको होतं.

आमच्या घरात तीन भाऊ आणि तीन चुली. आम्ही दोघं आणि आमच्या दोन मुली मागच्या खोलीत राहायचो. पूर्वी तिथे कडबा ठेवत. दमट दिवसांत अजून वास यायचा. अशात पंचायतीने जाहीर केलं की तळ्याकाठच्या गायरानात, स्वतःच्या नावावर घर नसलेल्यांना जागा मिळणार. आमचं नाव लागलं. त्या रात्री मी मनातल्या मनात खिडक्यांना पडदेसुद्धा लावून टाकले.

ग्रामसभेत आराखडा भिंतीवर लावला होता. निळ्या रेघा, हिरवी झाडं, पुढे गोल बाग, बागेत समाज मंदिराचा हॉल. खालच्या ओळीत, तळ्याच्या बाजूला आमचं घर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचायतीचे अध्यक्ष सही करणार, एवढ्यात मागून हात वर झाला.

"कागदावर सगळंच मावतंय," मास्तर म्हणाले. "भुईवर आखून बघूया की."

मला संताप आला. मी उभी राहून विचारलं, सर, आम्हाला घरं बांधायची आहेत की तुम्हाला खो-खो खेळवायचाय? लोक हसले. मास्तर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत, नुसते हात वर करून उभे राहिले. आराखडा करणारी इंजिनिअर धारवाडकडची तरुण मुलगी होती. मराठी तिला बेताचीच यायची. तिने अध्यक्षांकडे पाहिलं, मास्तरांच्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं आणि कानडीत होकार देत म्हणाली, "आयतु सर. आखा." अध्यक्षांनीही मान डोलावली. म्हातारा आठवडाभर गुंतून राहील, असा त्यांचा हिशेब असावा.

मास्तरांनी अख्खी वसाहत गायरानात आखली. खोल्या, दारं, मोऱ्या, बोळ, सगळं खऱ्या मापाचं. बोळाच्या दोन्ही कडांना रेघा, आणि प्रत्येक दाराच्या उंबऱ्याला दुप्पट जाड रेघ. मला वाटलं, काय ही चुन्याची नासाडी. मग त्यांनी फर्मान काढलं की ज्याची त्याने आपापल्या घरात एक सकाळ राहून दाखवायची.

मी स्टोव्ह आणि पाट घेऊन गेले. गायरानात जत्रा भरल्यासारखी माणसं होती आणि प्रत्येकजण हवेच्या घरात संसार करत होता. माझे यजमान सवयीने सरळ आत आले, तर शिट्टी. "भिंत हाय ती. दारानं ये." शेजारची मंगल आमच्या बाजूच्या खोलीत भाजी चिरत होती. तिचा नवरा झोपून बघायला आडवा झाला, तर त्याचे पाय आमच्या सोप्यात आले. मग खिडकीवरून जुंपली. तिच्या खिडकीतून माझ्या चुलीवरचं सगळं दिसणार, असं माझं म्हणणं. तुझ्या चुलीवर बघण्यासारखं असतंय काय, असं तिचं म्हणणं. जी खिडकी अजून जगात नव्हती, तिच्यापायी आम्ही दोघी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला, तासभर कोसळला आणि गेला. सकाळी मी कामावर जाताना सहज गायरानातून गेले. वरच्या ओळींच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण जागेवर होत्या. खालची ओळ मात्र साफ धुऊन गेली होती. तिथली फक्की पाण्याबरोबर पांढरा ओघळ होऊन थेट तळ्याच्या काठापर्यंत उतरली होती. उन्हाळ्यात सपाट दिसणाऱ्या त्या जमिनीवरून तळ्यात पाणी उतरतं, हे आम्हाला माहीत असूनही आठवलं नव्हतं. तिथे घरं झाली असती, तर पाणी आमच्या स्वयंपाकघरातून गेलं असतं. तेही अडवलं असतं, तर तळं आटलं असतं आणि ज्या विहिरींवर आमची रताळी पिकतात त्या विहिरीही.

मला हे सगळं कळत होतं आणि तरी रडू आवरेना. माझं घर कालपर्यंत तिथे होतं. मी त्यात चहा केला होता.

मास्तर केव्हाचे बाजूला येऊन उभे होते. शिट्टी खिशात होती.

"सुमन," ते म्हणाले, "घर गेलं न्हाय गं. सरकलंय."

इंजिनिअरला बोलावलं. ती चपला हातात घेऊन त्या पांढऱ्या ओघळाच्या कडेने तळ्यापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. आराखडा बदलू, म्हणाली. पण खालची ओळ सरकवायची कुठे, यावर गावात भरपूर तोंडातोंडी झाली. मास्तर आखायचे, कोणी नाही म्हणालं की पायाने पुसायचे, पुन्हा आखायचे. शेवटी पुढची गोल बाग आणि हॉल गेला. अध्यक्षांचा जीव त्या हॉलमध्ये अडकला होता, पण तळ्याचा काठ हीच बाग समजा, असं बायकांनी त्यांना पटवलं. तरीही जागा पुरेना. तेव्हा मंगलच पुढे आली. आमच्या दोघींच्या घरांना एकच भिंत करा, म्हणाली, म्हणजे खिडकीचा वादच मिटला. तिचं बघून बाकीच्यांनीही जोडभिंती मान्य केल्या. प्रत्येकाचं अंगण आखडलं, पण सगळी घरं बसली आणि पाण्याची वाट मोकळी राहिली. पुढच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी मंगलला मिठीच मारली.

गायरानात हद्दीचे दगड रोवले गेले. आता फक्कीचं काम संपलं होतं. तरी मी रोज बघते, तर बोळांच्या रेघा ताज्या, उंबरे पांढरेशुभ्र. म्हाताऱ्याला आता आवरायचं कसं, असं म्हणत मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले.

मास्तरांच्या घरात मी बऱ्याच दिवसांत गेले नव्हते. कारण शांताक्का. मास्तरांच्या या बायकोने कधीकाळी आमच्या सगळ्यांचे ब्लाऊज शिवले. गेल्या काही वर्षांत मात्र कंटाळा आला असं सांगून तिने शिवणकाम बंद केलं होतं. माझ्या नणंदेच्या लग्नातला ब्लाऊजही तिने तसाच परत पाठवला. देवळात नाही, हळदीकुंकवाला नाही. कोणी गेलं तर मास्तर बाहेर कट्ट्यावरच चहा आणून द्यायचे. आक्काला गर्व झालाय, असं आम्ही बायकांनी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी मास्तर कट्ट्यावर नव्हते. दार उघडं होतं. मी हाक मारत आत पाऊल टाकलं आणि थांबले.

घरातल्या काळ्या फरशीवर सगळीकडे पांढऱ्या रेघा होत्या. खाटेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून परसातल्या तुळशीपर्यंत. उंबऱ्याशी दुप्पट जाड. आतून शांताक्का येत होती. भिंतीला हात नाही, काही नाही, खाली नजर लावून रेघेवरून झपझप. जाड रेघेपाशी येऊन ती थांबली.

"कोन? सुमन व्हय गं?"

मी समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

तिला डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं होतं, तिनेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की आता यापुढे काही होणार नाही. समोर सगळं धुकं, काळ्यावरचं पांढरं तेवढं दिसतं. कोणाला सांगायचं नाही, ही तिचीच अट होती. एकदा कळलं की जो तो हात धरायला येईल, आणि तिला कोणी हात धरलेलं चालत नाही. तिने मला बसवलं, चहा केला, एक थेंब न सांडता आणून दिला. ब्लाऊजचं तिच्या ध्यानात होतं. सुईत दोरा जाईना गं, म्हणाली, तुझा झंपर बिघडवला असता. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

"ह्येनी कदी हात धरत न्हाईत," ती म्हणाली. "रेघ मारत्यात."

मग हळू आवाजात हसून तिने आणखी एक सांगितलं. पहाटे गाव उठायच्या आधी मास्तर तिला गायरानात घेऊन जातात. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत ती किती तरी वर्षांनी एकटी चालते. सगळे बोळ फिरते, सगळ्यांच्या घरात डोकावते. "तुज्या घरात रोज येऊन जातो मी," म्हणाली. "दार मोठं हाय तुजं."

पुढच्या वर्षी आमचं घर उभं राहिलं. वास्तुशांतीच्या सकाळी मी आक्काला बोलवायला गेले, तर तिने नुसतं 'बघू गं' म्हटलं. गायरानात आता भिंती होत्या, वाळूचे ढीग होते, आणि दिवसाउजेडी सगळ्या गावासमोर यायचं होतं. मी घरी आले, मास्तरांच्या कट्ट्याखालून उचललेला डबा फक्कीने भरला आणि त्यांच्या उंबऱ्यापासून आमच्या दारापर्यंत रेघ मारत निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच मारत होते. ती मंगलच्या विटांना वळसा घालून गेली, वाळूच्या ढिगाशी कच खाल्ली, एका ठिकाणी तर पार म्हशीच्या खुंट्यापर्यंत जाऊन परत आली.

दुपारी मास्तर आपल्या दारात आले. त्यांनी रेघ पाहिली. हात आपसूक शिट्टीकडे गेला.

"लई वाकडी आलीया," ते म्हणाले.

पण तोवर आक्का उंबरा उतरून चालायला लागली होती. नवं लुगडं, खाली मान. मास्तर मागे, हात पाठीशी बांधून. पाहुणे रेघेवरून बाजूला झाले. मंगल तिचा हात धरायला धावली, तेव्हा मास्तरांनी एक बोट वर केलं आणि मंगल होती तिथेच उभी राहिली. आक्काने विटांचा वळसा घेतला, ढिगाचा घेतला, म्हशीच्या खुंट्यापर्यंत जाऊन परत आली. आमच्या उंबऱ्याच्या जाड रेघेवर तिने पायाचा अंगठा टेकवला आणि मान वर केली.

"वाकडी आसू दे," ती म्हणाली. "घर घावलं की."

ती आत आली. बायकांनी तिला मध्ये बसवलं आणि एवढे दिवस कुठे होतीस म्हणून सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. मास्तर मात्र अजून बाहेरच होते. मी म्हटलं, सर, आत या की.

"येतो," मास्तर वाकत म्हणाले. माझ्या हातातला डबा त्यांनी कधी काढून घेतला, मला कळलंच नव्हतं. "आदी ही जरा जाड करतो. तिला परत जाताना उजेड कमी आसतोय."