नाखव्यांना तळ्यात चार्जिंग हवे

मुरुडच्या नामा नाखवा यांजकडे विजेची स्कूटर आहे. तथापि चढ लागला की ते खाली उतरतात आणि तिला हाताने ढकलत नेतात. विचारले असता, "चढाला लय करंट खाते, रायटर. पाय माजे फुकटचे हायेत," असे उत्तर मिळते.

कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. शिक्षण सातवीस थांबले, परंतु माझा मसुदा सदोष ठरल्याचे उदाहरण नाही. नाखवा माझे नेमाचे अशील. होडी मुलाच्या स्वाधीन करून त्यांनी स्कूटर घेतली, तेव्हा शासनाने कर माफ केला. तेव्हापासून ते शासनास घरचे माणूस समजतात.

दर सोमवारी त्यांचा एकच अर्ज असतो : विद्युत वाहन धोरणास अनुसरून दूर डोंगरातील तळा या गावी सार्वजनिक चार्जिंग केंद्र व्हावे. मुरुडास नव्हे, तळ्यास. मी कधी पर्यटनाचे, कधी प्रदूषणाचे कारण घालीत असे. शेजारचा चहावाला विचारी, "नाखवा, तल्याला दर्या नेताव काय?"

"तू चा गाल," नाखवा म्हणत.

गेल्या महिन्यात उत्तर आले. अर्जदार मुरुडचे रहिवासी असल्याने त्यांनी तळ्याशी असलेला आपला संबंध कळवावा. मी लेखणी उघडून थांबलो.

"पोरीला तल्याला दिलीय," नाखवा खाली बघत म्हणाले. "जाताना चार्जिंग पुरते. परत येवाला न्हाय पुरत."

"मग तिच्या घरी चार्जिंगला लावा की," मी म्हणालो.

"लेकीच्या घरचा पानी पन आमी पीत न्हाय. वीज कशी घेव?"

"एसटीने जावे."

"दर्यावर कवा उलटी न्हाय जाली. यष्टीत बसलू की होते. दर इतवारी अर्ध्या वाटंवर जातंय. ती तिथवर यष्टीनं येते. थांब्यावर बसून बोलताव, सुकी मासली देतंय, परत फिरतंय. दोन वर्सां जाली, तिचा घर मी बगितला न्हाय."

मी प्रथमच खरे कारण लिहिले : 'अर्जदाराची कन्या तेथे नांदते.' आणि वाचून दाखविले.

"ता काढ, रायटर," नाखवा हळूच म्हणाले. "चौकशीचा मानूस तिच्या दारी जाल. तिला सांगितलाय, गारी अर्ध्या वाटंवरच धावते. खरा कललं तर म्हनल, बाबा, घरातच लावा. मना तिला न्हाय म्हनाला जमाचा न्हाय."