गोविंदकाकांची चिलखती जीप

आमच्या अच्छाडचे गोविंदकाका कुठलीही गाडी दिसली की तिला टिचकी मारतात, आवाज ऐकतात आणि म्हणतात, "पत्रा आहे हा, पत्रा." मग पायी निघतात. एसटी पत्रा, रिक्षा पत्रा, तलाठ्यांची नवी मोटार तर "बिस्किटाचा डबा". मुलीच्या लग्नाला वऱ्हाड टेम्पोने झाईला गेलं. काका आदल्या दिवशीच चालत निघाले होते.

फौजेत ते चिलखती गाडीवर ड्रायव्हर होते. माझ्या चहाच्या टपरीवर तिचं कौतुक रोज चाले. "विमल, नदीत घाल, डोंगरावर घाल. जवान ने, पुरातली माणसं काढ, बाळंतीण ने. सगळ्याला एकच गाडी."

एकदा त्या गाडीखाली सुरुंग फुटला. काका आतून आपल्या पायांनी बाहेर आले. वरचं झाकण उघडून वाऱ्याला बसलेला त्यांचा जोडीदार गेला. हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि चहा तसाच ठेवून उठले.

काकी वारल्यापासून घरात ते एकटेच. मुलगी मंदा झाईला दिलेली, तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून शेजारीण या नात्याने सगळं मी करायचं ठरलं. काकांना घोर एकच, पोरीला आणायचं कशातून. हायवेवर रिक्षांचं काय होतं ते आम्ही दारातून बघतो.

त्यांनी भंगारातली जीप आणली आणि तिला चहूबाजूंनी जाड लोखंडी प्लेटा वेल्डिंग करून घेतल्या. काचांच्या जागीही प्लेटा, समोर फक्त बोटभर फट.

हायवेवरचा गुजराती ढाबेवाला म्हणाला, "केम काका, लढाईला कधी निघायचं?"

"सातव्या महिन्यात," काका म्हणाले. ते हसले नाहीत.

चढावर जीप चढत नसे, उतारावर थांबत नसे. तरी मी तिच्यात बसून झाईला गेले. काकांना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

मंदा कशीबशी आडवी होऊन आत शिरली. काकांनी दाराला कडी घातली. गाव संपायच्या आत ती दार बडवायला लागली.

"बाबा, उघडा. जीव घाबरतोय."

"थोडं सोस, मंदे. इथे तुला काही होणार नाही."

"हे कपाट आहे, बाबा. मी मरेन यात."

काकांनी गाडी थांबवली. मंदा रस्त्याच्या कडेला बसून ओकली. तोंड पांढरंफटक पडलेलं. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मग जीप तिथेच कडेला सोडून त्यांनी स्वतःच हात करून रिक्षा थांबवली.

"ट्रकांच्या बाजूला मी बसतो," एवढंच म्हणाले.

डावीकडे मी, मध्ये मंदा. उजवीकडे काका, आडव्या दांड्याला धरून, रस्त्याकडे पाठ करून. तलासरीला हायवे लागला. ट्रक जवळून गेला की ते अंग रुंद करत, आणखी बाहेर सरकत.

"बाबा, आत सरका. पडाल."

"आत जागा नाही."

जागा होती.

अच्छाड आलं. मी उतरले, मंदा उतरली. काकांचा हात दांड्यावरून सुटेना. रिक्षावाला काही बोलणार होता, पण मंदाने त्याला थांबवलं. ती परत आत वाकली आणि बापाचं एकेक बोट सोडवू लागली.